नस्य (स्त्रियांच्या संप्रेरक-विकारांतील)

नस्य : औषधी तेल, तूप, रस किंवा चूर्ण नाकावाटे देण्याचा आयुर्वेदीय उपचार, पंचकर्मांपैकी (शरीरशुद्धीच्या पाच उपचारांपैकी) एक. ‘नासा हि शिरसो द्वारम्’ (नाक हे डोक्याचे दार) हे आयुर्वेदाचार्य वाग्भटाचे वचन त्याचा पाया. मुळात तो मानेच्या वरच्या रोगांसाठी सांगितला आहे. आज अनियमित पाळी, वंध्यत्व, पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनाने पाळी व बीजकोशाचे काम बिघडवणारा विकार) यांतही वैद्य तो योजतात.

ग्रंथांत ‘संप्रेरक’ (हार्मोन) हा शब्द नाही. या तक्रारी आर्तवक्षय (पाळी कमी येणे), नष्टार्तव (पाळी बंद होणे), वंध्यत्व अशा नावांनी येतात. काश्यपसंहितेत शतपुष्पा (बाळंतशेप) आणि शतावरी यांवर स्वतंत्र कल्प (औषधाच्या उपयोगाचा अध्याय) आहे. सुश्रुताने पुंसवनात (गर्भधारणेनंतरच्या विधीत) लक्ष्मणा ही वनस्पती, वडाचे कोंब इत्यादींपैकी एक दुधात वाटून तीन-चार थेंब उजव्या नाकपुडीत घालायला सांगितले, तेही मुलगा व्हावा म्हणून. हा भाग निःसंकोच बाजूला ठेवावा : गर्भाचे लिंग फलनाच्या क्षणीच ठरते.

थेंबाचे मापही ग्रंथांनी ठरवले आहे. तर्जनीची दोन पेरे तेलात बुडवून वर काढल्यावर जो गळतो, तो एक बिंदू. मर्श नस्यात (मोठ्या मात्रेच्या) असे १०, ८ किंवा ६ बिंदू, रोजच्या प्रतिमर्शात (अल्प मात्रेच्या) २. आधी चेहऱ्याला तेल चोळून शेक देतात. मग डोके किंचित खाली करून निजवतात आणि एक नाकपुडी दाबून दुसरीत कोमट तेल सोडतात. घशात उतरलेले तेल गिळायचे नाही, थुंकायचे.

आधुनिक शरीरशास्त्रात या कल्पनेला एक सुंदर जोड सापडते. पीयूषिका ग्रंथीमार्फत बीजकोशाला (अंडाशयाला) चालना देणारे जीएनआरएच हे संप्रेरक तयार करणाऱ्या चेतापेशी गर्भावस्थेत नाकाच्या जागी जन्मतात आणि मेंदूत सरकतात. ही वाट अडली, तर कॅलमन सिंड्रोम होतो : वास येत नाही, वयात येणेही अडते. एंडोमेट्रिओसिसवर (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या विकारावर) नाफारेलिन हे संप्रेरकासारखे औषध नाकात फवारतातच. पण ते नाकाच्या अस्तरातून रक्तात जाते; तेलाचे थेंब पीयूषिकेपर्यंत पोचून पाळी सुधारतात, हे यातून सिद्ध होत नाही. पीसीओएसमध्ये नस्याचा उपयोग ठामपणे सांगता येईल इतका भक्कम पुरावा अजून नाही. म्हणून थायरॉइडची गोळी किंवा मधुमेहाचे औषध नस्याच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे.

गर्भिणी, बाळंतीण, नुकतीच सर्दी झालेली, नुकतीच जेवलेली स्त्री यांना ग्रंथांनीच नस्य वर्ज्य केले आहे. वारंवार नाकात घातलेले तेल श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास तैलजन्य न्यूमोनिया होऊ शकतो.