त्रोम्सो ते लाँगियरब्येन: ९६० किलोमीटर, पावणेदोन तास

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचं त्रोम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातलं लाँगियरब्येन. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर या दोघांना जोडणारी रेघ मुंबई-दिल्ली रेघेच्या पावणेतीन पट लांब दिसते. प्रत्यक्षात हे अंतर मुंबई-दिल्लीपेक्षा पावणेदोनशे किलोमीटरने कमीच आहे. ध्रुवाकडे जावं तसा हा नकाशा ताणत जातो, ७८ अंशांवर तर जवळजवळ पाचपट. म्हणून उत्तरेतलं अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजण्यात अर्थ नाही, ते अक्षांश-रेखांशांवरूनच काढावं लागतं.

त्रोम्सो विमानतळ ६९.६८ अंश उत्तर, १८.९२ अंश पूर्व इथे आहे, लाँगियरब्येन ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. अक्षांशांतला फरक ८.५७ अंश, म्हणजे सुमारे ९५३ किलोमीटर. घोळ होतो तो रेखांशांत. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, त्रोम्सोला तो ३९ आणि लाँगियरब्येनला जेमतेम २३ किलोमीटर उरतो. हे विसरून ३.४५ अंशांना सरसकट १११ ने गुणलं, तर उत्तर हजाराच्या वर जातं. गोलावरचं नेमकं सूत्र वापरलं की ९५८ येतात. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने तिथे अक्षांशाचा अंश किंचित लांब असतो. तो धरला की ९६१-९६२.

आता वेळ. बोइंग ७३७ सारखं विमान उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर ७० मिनिटं येतात, पण तो वेग मिळतो फक्त मधल्या पाचशेएक किलोमीटरमध्ये. वर चढायला वीसेक मिनिटं आणि उतरायला पंचवीसेक मिनिटं जातात, आणि त्यांत वेग कमी असतो. एकूण ८५ मिनिटं हवेत. धावपट्टीपर्यंत जाणं-येणं धरून वेळापत्रकात सुमारे एक तास चाळीस मिनिटं. पंखांवरचं बर्फ काढायला फवारा मारावा लागला, तर त्याची दहा-पंधरा मिनिटं वेगळी.

वाऱ्याचा परिणाम त्याच्या दिशेवर ठरतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आला तर मधल्या टप्प्यात पाच-सहा मिनिटं वाढतात. तोच पश्चिमेकडून, म्हणजे या मार्गाला आडवा आला, तर अर्धं मिनिटही फरक पडत नाही.

खरी अडचण इंधनाची आहे. लाँगियरब्येनला धुकं किंवा वादळ असलं, तर जेट विमान उतरवण्याजोगी दुसरी सोयीची धावपट्टी बेटांवर नाही. मागे फिरून मुख्य भूमीच गाठावी लागते. त्यामुळे जाण्याचं, परतीचं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याचं इंधन निघतानाच टाकीत लागतं. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि ते वजन वाहण्यात पुन्हा इंधन जळतं. १९७५ साली सुरू झालेली इथली धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, काही ठिकाणी खचतो आणि डांबरी पृष्ठभागाला उंचसखलपणा येतो. त्याची डागडुजी वारंवार करावी लागते.

न्यू-ओलेसुंदच्या ‘हिमाद्री’ या भारतीय संशोधन केंद्रावर जाणारेही लाँगियरब्येनलाच उतरतात आणि पुढचे शंभरेक किलोमीटर सहसा पंख्याच्या छोट्या विमानाने जातात. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. म्हणून भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा घ्यावा. एकच प्रवेश असेल, तर परतताना नॉर्वेच्या मुख्य भूमीत शिरता येणार नाही.