हॉली आणि मिसलटो: टेबलावर काय ठेवायचं, दारात काय टांगायचं

डिसेंबर लागला की आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी फोटो टाकतं, चकचकीत काटेरी पानं, लालभडक फळं, आणि खाली लिहिलेलं असतं मिसलटो. अहो ते मिसलटो नाही, ती हॉली. दोन्ही हिरवी, दोन्हीला छोटी गोल फळं, दोन्ही ख्रिसमसला घरात येतात, त्यामुळे गोंधळ होणारच, त्यात प्लास्टिकच्या माळांमध्ये एकाची पानं आणि दुसऱ्याची फळं अशी सरमिसळ पण केलेली असते. पण ज्यांना ब्रिटिश पद्धतीनं घर सजवायचंय, टेबल मांडायचंय त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण एकाची जागा टेबलावर आहे आणि दुसरं टेबलाच्या आसपास पण नको.

आधी ओळख. हॉलीचं पान गडद हिरवं, मेण लावून पुसल्यासारखं चकाकणारं, कडेला असे काटे की हातमोजे घातल्याशिवाय फांदी कापायला जाऊच नका. एक गंमत म्हणजे खालच्या फांद्यांची पानं जास्त काटेरी आणि उंच झाडाच्या शेंड्याकडची बरेचदा अगदी गुळगुळीत कडांची, तेव्हा काटा नाही म्हणजे हॉली नाही असं समजू नका. फळ लाल. मिसलटोचं पान पिवळसर हिरवं, जाडसर, टोकाला गोल, आणि कायम जोडीनं, सशाचे कान उभे असावेत तसं. काडी दरवेळी दोनात फुटते, त्या दोन पुन्हा दोनात, असं करत करत अख्खा गोल चेंडू तयार होतो. फळ पांढरं, मोत्यासारखं. इथल्या, म्हणजे मी राहते त्या इंग्लंडातल्या मिसलटोला लाल फळ येतच नाही, एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

पण खरा फरक मुळाशी आहे, अगदी शब्दशः. हॉली हे स्वतःच्या मुळांवर जमिनीत उभं राहणारं झाड. आणि मिसलटो म्हणजे इथलं बांडगूळ! माझं माहेर देवगडचं, आंब्यावर बांडगूळ दिसलं की बाबा लगेच गडी लावून तोडून घ्यायचे, आणि फुकट खाऊन बसणाऱ्या माणसाला बांडगूळ म्हणायची आपली रीत, त्यामुळे इथे लोक पैसे देऊन बांडगुळाच्या जुड्या घरी नेतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही केल्या पटेना. आंब्यावरचं बांडगूळ आणि हे, एकच वनस्पती नव्हे, कूळही वेगळं, पण जगायची तऱ्हा तीच. पानं हिरवी, म्हणजे अन्न थोडंफार स्वतः करतं, पण पाणी आणि क्षार यजमान झाडातून ओढून घेतं. इथे ते सगळ्यात जास्त सफरचंदावर दिसतं, शिवाय पॉपलरवर, हॉथॉर्नवर आणि लाइमच्या झाडांवर, लाइम म्हणजे आपलं लिंबू नव्हे हं, ते लिंडन.

आपल्याकडे फुलटोच्या नावाचा छोटा पक्षी बांडगुळाची फळं खाऊन चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसतो ना, ते काम इथे मिसल थ्रश नावाचा पक्षी करतो, त्याचं नावच मुळी त्यावरून. आणि हाच पक्षी हिवाळ्यात एखादं हॉलीचं झाड किंवा मिसलटोचा गुच्छ धरून बसतो आणि दुसऱ्या पक्ष्यांना फिरकू देत नाही, म्हणजे माणसांनी दोघांना ख्रिसमसला एकत्र आणलं त्याच्या कितीतरी आधीपासून या एका पक्ष्याच्या ताटात दोन्ही आहेत.

मी वूस्टरशायरमध्ये राहते, त्यामुळे हे सगळं डोळ्यासमोर आहे. हा भाग, शेजारचं हेरेफर्डशायर, ग्लॉस्टरशायर, सगळा सफरचंदाच्या बागांचा मुलूख, म्हणून मिसलटोही इथेच भरपूर. नोव्हेंबरात पानगळ झाली की उघड्या फांद्यांवर ते हिरवे गोळे लांबून दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला घरटीच वाटावीत. टीम नदीकाठचं टेनबरी वेल्स हे छोटंसं गाव मिसलटोच्या लिलावासाठी प्रसिद्ध, दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला हॉली आणि मिसलटोच्या जुड्या बांधून रांगांनी मांडतात, लिलाव करणारा रांगेतून चालत बोली घेत जातो आणि लांबलांबचे फुलवाले येऊन माल उचलतात. कधी जमलं तर नक्की बघा, दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर परत आयुष्यात गोंधळ होणार नाही. जुडी उचलताना फळं दाट आहेत का बघायचं. दोन्हीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि फळ फक्त मादीला. घरी कुंडीत हॉली लावणाऱ्यांनी तर फारच जपून घ्यावं कारण नावं फसवी आहेत, गोल्डन किंग नावाची जात मादी आहे आणि सिल्व्हर क्वीन नर!

आता मान कुणाचा काय ते. हॉलीचा चर्चमध्ये पहिल्यापासून मान, काटे म्हणजे येशूच्या डोक्यावरचा काटेरी मुकुट आणि लाल फळं म्हणजे रक्त असा अर्थ लावतात. मिसलटोला मात्र बहुतेक चर्चमध्ये जागा नव्हती, ते जुन्या, ख्रिस्तपूर्व समजुतींचं मानलं जायचं. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातले, ड्रुइड नावाचे पुजारी ओकवरचं मिसलटो सोन्याच्या विळ्यानं कापायचे. यॉर्क शहरातलं मोठं चर्च, यॉर्क मिनस्टर, तेवढा अपवाद, तिथे ते वेदीवर ठेवायची जुनी प्रथा आहे. घरात मात्र मिसलटो आलंच, आणि त्याखाली चुंबन घ्यायची रीत १८व्या शतकापासून तरी इंग्लंडात आहे. मूळ नियम असा की दर चुंबनामागे एक फळ तोडायचं आणि फळं संपली की खेळ संपला. आता फळं कोणी मोजत नाही, पण समोरच्याला नको असेल तर नको, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं आणि असायलाच हवं. ख्रिसमस ट्री घरोघरी येण्याआधी, म्हणजे १८४८ साली व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांचं ट्रीभोवतीचं चित्र छापून आलं आणि त्याची मोठी हौस पसरली त्याच्या आधी, घराची मुख्य सजावट म्हणजे हिरव्या डहाळ्यांचा गोल, त्यात लाल सफरचंदं, मेणबत्त्या आणि खाली लोंबणारं मिसलटो. मला स्वतःला ही जुनी रीत ट्रीपेक्षा जास्त आवडते.

तर मांडणी. मिसलटो एकच जुडी, लाल रिबिनीनं बांधून, दाराच्या चौकटीत किंवा पॅसेजमध्ये उंच, पोरांच्या हाताला येणार नाही असं टांगायचं, झालं. हॉली मात्र सगळीकडे चालते, दारावरच्या गोल रिंगणात, फ्रेमच्या मागे खोचून, फायरप्लेसच्या फळीवर, जिन्याच्या कठड्याला आणि टेबलावर तर हवीच. टेबलाला पांढरी चादर, काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, गोडाचा चमचा आणि काटा प्लेटच्या वरच्या बाजूला आडवे, ग्लास सुरीच्या टोकाशी. प्रत्येकाच्या प्लेटवर नाहीतर शेजारी एक क्रॅकर, आपला फटाका नव्हे, दोघांनी दोन टोकं धरून ओढायची कागदी नळी, आत कागदी मुकुट आणि चिठ्ठी असते, लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्यानं १८४०च्या दशकात काढली. नॅपकिनची घडी करून दोऱ्याखाली हॉलीची एक बारकी डहाळी खोचायची, दोन-तीन पानं आणि चार फळं पुरे. मधली सजावट बुटकी ठेवा, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. आणि मेणबत्तीला हॉली अजिबात चिकटून नको, हीटिंगमुळे पानं चार दिवसात वाळतात आणि वाळलेली हॉली भसकन पेटते.

हॉलीचा सगळ्यात मानाचा क्षण मात्र शेवटी येतो, ख्रिसमस पुडिंगवर, म्हणजे सुक्या मेव्याच्या वाफवलेल्या केकसारख्या गोडावर. शेजारच्या आजींकडे दरवर्षी बघते मी हे. त्या डहाळी धुऊन पुसून घेतात, देठाला फॉइल गुंडाळतात, मग काळ्याभोर पुडिंगच्या डोक्यावर मधोमध खोचतात आणि सगळ्यांना दाखवायला आणतात. मग डहाळी काढून बाजूला, लाइट बंद, पळीत कोमट केलेली ब्रँडी पेटवून वरून ओतायची, निळी ज्योत पुडिंगच्या अंगावरून खाली ओघळत जाते, पाच-सात सेकंद कोणी बोलत नाही. फॉइल का, तर हॉलीचा चीक खाण्यात उतरू नये. फळं दोन्हीची विषारी, हॉलीची पण आणि मिसलटोची पण, पोटात गेली तर उलट्या, जुलाब.

हेच मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. मी हौसेनं मिसलटो आणून टेबलाच्या मधोमध लांब पसरून ठेवलं, पांढरी फळं पांढऱ्या चादरीवर फार सुंदर दिसत होती, आणि खोली तापल्यावर ती एकेक करून गळायला लागली. पांढऱ्यावर पांढरं, दिसतंय कुठे. माझा भाचा दोन वर्षांचा, मांडीवर बसलेला, त्याच्या मुठीत काय आहे म्हणून उघडून बघितलं तर चिरडलेलं फळ, आणि बोटं सोडवताना त्या चिकाची तार लांबच्या लांब ओढली गेली, डिंकासारखी. तोंडात गेलं नव्हतं, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. हॉलीची फळं गळत नाहीत असं नाही, पण लाल असल्यानं चटकन दिसतात आणि काट्यामुळे पोरं सहसा हात लावत नाहीत. लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल त्या घरात टेबलावर नुसती फळं नसलेली हॉलीची पानं ठेवली तरी छान दिसतं.

दोन्ही आणल्या आणल्या घरात घेऊ नका, बाहेर गारठ्यात बादलीत पाणी घालून ठेवा. जुनी माणसं तसंही २४ डिसेंबरच्या आधी हिरवळ आत आणणं अशुभ मानायची. आणि ५ किंवा ६ जानेवारीला, म्हणजे बाराव्या रात्री, सगळं उतरवायचं.

हॉली उतरवली की आमच्याकडे कंपोस्टमध्ये जाते. मिसलटोचं मात्र मी तीन वर्षांपूर्वी वेगळं केलं. ख्रिसमसची फळं पुरती पिकलेली नसतात, म्हणून फेब्रुवारीत ओळखीच्या बागेतून ताजी पिकलेली मागून आणली आणि आमच्या सफरचंदाच्या फांदीवर बी दाबून चिकटवलं. पहिलं वर्षभर नुसता हिरवा आकडा सालीला टोचून बसल्यासारखा दिसत होता, आता त्याला पानांची जोडी आलीय. फळ धरायला अजून दोन-तीन वर्षं तरी लागतील. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते म्हणाले, अगं बाई, झाड आपलं आहे ना ते?