एकडोळी कोकरे आणि मेंदूची घडण

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढपाळ हवालदिल झाले होते. कळपात एकडोळी कोकरे जन्माला येत होती आणि त्यांचा मेंदूही दोन अर्धगोलांत दुभंगलेला नसे. कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी चिकाटीने माग काढला, तेव्हा दोष वंशात नसून चाऱ्यात सापडला. गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोंगरकुरणातली कॉर्न लिली खाल्ली की हे व्यंग उद्भवे. त्यातल्या विषाला सायक्लोपामाइन हे नाव मिळाले. पण ते विष गर्भात नेमके करते काय?

उत्तराची सुरुवात फळमाशीपासून झाली. न्युस्लाइन-फोलहार्ड आणि व्हिशाउस या शास्त्रज्ञांनी १९८० साली माशीच्या अळीत ‘हेजहॉग’ जनुक ओळखले. त्याचाच एक भाऊबंद, ‘सॉनिक हेजहॉग’, आपल्यात आहे. ते जनुक काढून टाकलेले उंदरांचे गर्भ १९९६ मध्ये तपासले, तर तेही एकडोळे! दोनच वर्षांनी उलगडा झाला: सायक्लोपामाइनमुळे पेशींना या जनुकाच्या प्रथिनाचा संदेश मिळतच नाही.

हा संदेश पोहोचतो कसा, हे मला सगळ्यात विलक्षण वाटते. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही एका नळीतून घडतात. त्या नळीखालचा पेशींचा दांडा हे प्रथिन सोडतो. चुलीपासून लांब जावे तशी धग कमी होते, तसेच दांड्यापासून वर जाताना प्रथिनाचे प्रमाण घटत जाते. प्रत्येक पेशी आपल्या वाट्याला किती आले आणि किती वेळ आले, यावरून आपण कोण व्हायचे ते ठरवते. भरपूर मिळाले तर स्नायू हलवणारी चेतापेशी, कमी मिळाले तर दुसऱ्या प्रकारची. नळीच्या वरच्या बाजूने बीएमपी आणि डब्ल्यूएनटी ही प्रथिने उलट दिशेने संदेश धाडत असतात. डोक्याच्या भागात डोळ्यांचे क्षेत्र सुरुवातीला एकच असते. खालून सॉनिक हेजहॉग आले, तरच त्याचे दोन भाग होतात.

माणसात हे सारे घडते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बहुतेकदा दिवस राहिल्याचे कळण्याआधी. मेंदू न दुभंगण्याचा दोष साधारण २५० गर्भांत एकात आढळतो, पण त्यातले बहुतेक गर्भ टिकत नाहीत. कारणे अनेक आहेत: काहींत जनुकातला बदल, काहींत आईचा अनियंत्रित मधुमेह. ग्रहणात आईने भाजी चिरली हे मात्र कारण नाही. आपल्याकडे आजही असा दोष बाईच्या माथी मारला जातो, तो थांबलाच पाहिजे.

मोठेपणी हाच संदेश नको तिथे सुरू राहिला, तर त्वचेचा एक कर्करोग होतो. त्यावरचे व्हिस्मोडेगिब हे औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले. सायक्लोपामाइन जिथे संदेश अडवते, तिथेच तेही अडवते. म्हणूनच गरोदर स्त्रीला ते वर्ज्य आहे. इतकेच नव्हे, तर ते घेणाऱ्या रुग्णाला उपचार संपल्यावरही कित्येक महिने रक्तदान करता येत नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते.