आईवडिलांचं घर आणि न लिहिलेली अट

घराच्या बक्षीसपत्रात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता’. दस्तलेखकाकडे त्याचा साचा तयारच असतो. ज्येष्ठांच्या घराचा प्रश्न अलीकडे मुख्यतः या वाक्यावर येऊन अडतो.

जुन्या वाटण्यांमध्ये आईवडिलांसाठी जमिनीचा एक तुकडा वेगळा ठेवायची रीत होती. जिथे तो ठेवला नाही तिथे ‘पाळी’ आली, काही महिने थोरल्याकडे, काही धाकट्याकडे. अशा फिरतीला आपण कधी बेघर होणं म्हटलं नाही. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.त बसलेल्या म्हातारीला विचारलं तर ती वेगळं काही सांगेल. पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ ने आईवडिलांना पोटगीचा हक्क दिला. त्यातून हाती यायची ती दरमहा ठरलेली रक्कम. राहतं घर कोणाचं, याला कोणी हात घातला नाही.

‘एजिझम’, म्हणजे वयावरून माणसाला कमी लेखणं, हा इंग्रजी शब्द मात्र घराच्याच भांडणातून जन्मला. १९६९ साली वॉशिंग्टनलगतच्या एका सुखवस्तू वस्तीत, कमी उत्पन्नाच्या वृद्धांना एका इमारतीत घरं देण्याला शेजाऱ्यांनी विरोध केला. त्या विरोधाला एका मनोविकारतज्ज्ञाने हे नाव दिलं. मराठीत ‘वयभेद’ म्हणून पाहिलं जातं, पण तो शब्द रुळलेला नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण आपल्याकडे हा भेद मायेच्या सुरात बोलतो. ‘आता कशाला दगदग? नावावर करून टाका.’ ‘तुम्हाला त्यातलं काय कळणार, इथे सही करा.’ साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण हसत हसत वापरतो, आणि तिच्याच जोरावर धडधाकट माणसाकडून घराचे कागद काढून घेतो.

भाड्याने राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला जे संरक्षण दिलं, त्यावर एक अख्खी पिढी चाळींत आणि वाड्यांत म्हातारी झाली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली. नव्याने घर शोधणाऱ्याच्या वाट्याला मात्र व्यवहारात उरला तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार. सत्तरीच्या एकट्या बाईला दर अकरा महिन्यांनी नव्या घरमालकासमोर उभं राहावं लागतं आणि ‘सोबत कोणी तरुण आहे का?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. दुसरं घर घ्यावं म्हटलं तर बँका कर्जफेडीला वयाची मर्यादा घालतात. २००७ साली रिव्हर्स मॉर्गेज आलं, म्हणजे साठीनंतर राहतं घर तारण ठेवून हयातीत त्यावर पैसे घेण्याची सोय. तिचा लाभ फार थोड्यांनी घेतला. घर मुलांचंच, आपण फक्त राखणदार, हे वृद्धांनीही मनोमन मान्य केलेलं असतं.

त्याच २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांना पुरेल असा वृद्धाश्रम उभारण्याची बाब त्यात आहे, पण तिथे शब्द ‘उभारू शकेल’ असा आहे, ‘उभारील’ असा नाही. चरितार्थाच्या दरमहा रकमेवर दहा हजारांची कमाल मर्यादा आहे. खरा वाद मात्र कलम २३ चा. ज्येष्ठाने आपली देखभाल केली जाईल ‘या अटीवर’ मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती केली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाला असं धरून रद्द करता येतो. दाद प्रांताधिकाऱ्याकडे मागायची, दिवाणी दाव्याची वर्षं न घालवता.

पण अट कुठे असते? आई मुलाला घर देताना ‘मला जेवू घालशील तरच’ असं कागदावर लिहून घेत नाही. तसं लिहायला सांगणंच तिला अपमानाचं वाटतं. त्यातून २०१५ साली राज्याने मुलं, नातवंडं, पती किंवा पत्नी यांना राहतं घर बक्षीस देण्यावरचं मुद्रांक शुल्क अवघ्या दोनशे रुपयांवर आणलं. हेतू चांगला होता, परिणाम असा की मृत्युपत्र करून थांबण्याऐवजी हयातीतच घर देऊन टाकणं सोपं झालं. मृत्युपत्र बदलता येतं, नोंदवलेलं बक्षीसपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. हा फरक सही करणाऱ्याला समजावून सांगायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

काही उच्च न्यायालयांनी प्रेम आणि आपुलकी या शब्दांतच देखभालीची अट गृहीत धरली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये, हरियाणातल्या एका आईच्या हक्कसोडपत्राच्या प्रकरणात, उलटा कौल दिला: अट होती हे दाखवल्याशिवाय कलम २३ लागू नाही, आणि प्रेमाने दिलं म्हणजे अटीवर दिलं असं होत नाही. कायद्याच्या काटेकोरपणात हे बसतं. पण सहीच्या वेळी जिला ‘तुला काय कळतं’ म्हटलं, तिच्याकडूनच वकिलासारख्या मसुद्याची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून कलमाचा उदार अर्थ लावला. तिथे बक्षीसपत्राबरोबरच मुलाचं वेगळं वचनपत्र होतं. व्यवहार रद्द झाला आणि २८ फेब्रुवारीपर्यंत घराचा ताबा आईला द्यायचा आदेश निघाला.

दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२० मध्ये बंगळूरच्या एका सुनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला दिलेला निवाऱ्याचा हक्क मोडण्यासाठी ज्येष्ठांचा कायदा वापरता येणार नाही. ते योग्यच होतं, कारण सासूच्या नावाआडून नवऱ्याने बायकोला बाहेर काढल्याची प्रकरणं खरी आहेत. मार्च २०२५ मध्ये मुलाला घराबाहेर काढण्याची मागणी नाकारताना, प्रत्येक प्रकरणात निष्कासनाचा आदेश द्यायलाच हवा असं नाही, असंही सांगितलं गेलं.

आता काही वकील बक्षीसपत्रात ‘देणार यांस हयातीपर्यंत याच घरात राहण्याचा हक्क राहील’ ही ओळ आग्रहाने घालतात. ज्यांचे दस्त आधी झाले, त्यांच्या कागदात ती नाही. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांनी घर दिलं त्यांना कलम २३ मुळातच उपयोगी नाही, आणि महाराष्ट्रात तो लागू होईपर्यंत २००९ उजाडलं होतं. आणि जिच्या नावावर घर कधी नव्हतंच, नवऱ्यामागे जिने वारसनोंदीच्या वेळीच मुलांना हक्कसोड करून दिली, ती आजही प्रांत कार्यालयाच्या बाकावर बसून न लिहिलेल्या अटीचा पुरावा शोधते आहे.