पुष्पमुख व्यक्तिचित्रे

अतिवास्तववादी (स्वप्नवत, तर्काबाहेरच्या प्रतिमा रंगवणाऱ्या) चित्रकलेतील व्यक्तिचित्राचा एक प्रकार. यात चेहरा किंवा संपूर्ण डोके फुलांनी झाकतात, फुलांतून घडवतात किंवा त्याच्या जागी फुलेच रंगवतात. मान, खांदे व हात मात्र शरीररचनेला धरून असतात.

अतिवास्तववादाच्या कितीतरी आधी आर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकाराने ‘वसंत’ (१५६३) या चित्रात फुलापानांची मुखाकृती रचली. तेथे नाक, ओठ, गाल ओळखू येतात. स्पॅनिश अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीच्या ‘गुलाबांच्या मस्तकाची स्त्री’ (१९३५, कुन्स्टहाउस कलासंग्रहालय, झुरिक) या चित्रात चेहरा उरतच नाही. जून १९३६ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या निमित्ताने अतिवास्तववादी कलावंत शीला लेग डोके गुलाबांनी पूर्ण झाकून ट्रॅफल्गर चौकात उभ्या राहिल्या. बेल्जियन चित्रकार माग्रीतच्या ‘महायुद्ध’ (१९६४) या चित्रात स्त्रीच्या चेहऱ्याआड व्हायोलेट फुलांचा गुच्छ येतो. चेहरा मागे आहे, पण दिसत नाही. या प्रकारातली ही सर्वांत बोचरी युक्ती म्हणावी लागेल.

रंगवताना आधी कवटीचा अंडाकार, चेहऱ्याचा मध्य-अक्ष आणि प्रकाशाची दिशा ठरवतात. प्रौढ माणसाचे डोके साधारण २२ सेंमी. उंच असते, फुललेला गुलाब सुमारे ८ सेंमी.; म्हणजे समोरून सात-आठ गुलाब पुरतात. जास्त घातले की डोके फुगते. म्हणून फुले कवटीच्या रेषेच्या आतच बसवून दोन-तीन पाकळ्याच बाहेर काढाव्यात. कपाळ व गालफडावर फिकट, मोठी फुले. डोळ्यांच्या खोबणीत व हनुवटीखाली गडद फुले, कळ्या, पाने.

नेहमी फसते ते टोनमध्ये, म्हणजे रंगाच्या फिकट-गडदपणात. प्रत्येक फूल पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पूर्ण रंगवले, तर डोक्याची गोलाई जाऊन सपाट गुच्छ उरतो. सावलीच्या बाजूच्या फुलांतला उजेड दाबावाच लागतो, फूल कितीही सुंदर असो. दुसरी चूक सांध्याची: पाकळ्यांची सावली मानेवर पडली नाही, तर फुले चिकटवल्यासारखी दिसतात. फोटो-कोलाजमध्ये हा दोष हमखास येतो, कारण फुले आणि व्यक्ती वेगवेगळ्या प्रकाशात टिपलेली असतात.

ताजी फुले समोर ठेवायची असतील तर आधी तीच रंगवावीत, कारण गुलाब काही तासांतच उमलून आकार बदलतो. अस्सल अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग उजेडाने फिका पडतो. गुलाबी छटांसाठी क्विनॅक्रिडोन रंग अधिक टिकाऊ.