घर लागेपर्यंत जेवायचं कुठे?

नौपाडा, तलावपाळी आणि ठाणे स्टेशन परिसरात नव्याने राहायला आलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

शेवटचं कपाट भिंतीला लागलं, पावतीवर सही झाली, की जवळपास प्रत्येक घरात सामान हलवणाऱ्या आमच्या मुलांना एकच प्रश्न येतो. "इथे बरं जेवायला कुठे मिळेल हो?" गॅस जोडणारा माणूस उद्या येणार असतो. कुकर कुठल्या खोक्यात गेला ते खोक्यावर नाव लिहिणाऱ्यालाही आठवत नसतं. आणि लहान मूल असेल तर ते बरोबर याच वेळी भोकाड पसरतं.

आमची मुलं मग आपापल्या जिभेप्रमाणे पत्ता सांगून मोकळी होतात. एकाने मागे पित्ताचा त्रास असलेल्या काकांना तिखट मिसळीला धाडलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आम्हाला आला, मिसळवाल्याला नाही. म्हणून हे पत्रक.

आम्ही सामान हलवणारी माणसं आहोत. खाली ज्यांची नावं आहेत त्यांच्याकडून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही आणि वडाही फुकट मिळत नाही. पण पहाटे टेम्पो लावण्यापासून रात्री रिकामा करण्यापर्यंत आम्ही याच गल्ल्यांत असतो. त्यातून एवढं कळलंय की या भागात कुठे खायचं हे फारसं अवघड नाही, कधी खायचं ते कळायला हवं. चांगल्या दुकानात चुकीच्या वेळी गेलात तर थंड वडा मिळतो, किंवा मग ‘संपलं’ लिहिलेली पाटी.

पहिली सकाळ

मामलेदार मिसळ तुम्हाला कोणी ना कोणी सांगणारच. स्टेशनपासून चालत जाता येतं. मामलेदार कचेरीतल्या उपाहारगृहावरून हे नाव पडलं. त्या अधिकाऱ्याला आता सगळे तहसीलदार म्हणतात, मिसळ मात्र मामलेदारच राहिली.

तिखटाच्या तीन पायऱ्या आहेत: लाइट, मीडियम आणि तिखट. ठाण्यात नवे असाल तर मुकाट्याने लाइट सांगा. मीडियम म्हणजे मधलं, असं समजून बसू नका. ते मधलं मामलेदारच्या हिशोबाने आहे, तुमच्या नाही. कोल्हापूरहून आलेली मंडळी इथे छाती काढून तिखट मागवतात, आणि त्यातली निम्मी नंतर काही न बोलता पाण्याचा जग जवळ ओढतात. फरसाण मऊ पडायच्या आत दोन घास नुसते घ्या, पाव नंतर. लिंबू सगळं एकदम पिळू नका.

आमच्याकडच्या एका पोराने तिखट मिसळ खाल्ली आणि लगेच लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्रिज चढवायला घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला उचकी लागली. खाली धरणारा एक, वर धरणारा हा, मध्ये दोनशे ऐंशी लिटरचा फ्रिज, आणि दर तीन सेकंदांनी सगळं मिळून हलतंय. शेवटी फ्रिज भिंतीला टेकवला. शेजारच्या दारातून एक आजी बाहेर आल्या, काहीही न विचारता त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि आत जाऊन दार लावलं. उचकी थांबली. तेव्हापासून आमचा नियम आहे, मिसळ काम संपल्यावर.

शनिवारी-रविवारी उशिरा गेलात तर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. घाई असेल तर कुठल्याही उडप्याकडे इडली-सांबार खा आणि कामाला लागा. सकाळच्या वेळी कुठेही ताजंच असतं, त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

पोळी-भाजी केंद्र

याबद्दल कोणी फोटो टाकत नाही, पण पहिल्या आठवड्यात तुम्हाला तारेल ते हेच. नौपाडा, विष्णुनगर, राम मारुती रोड या पट्ट्यात थोडं चाललात तर घरगुती पोळी-भाजी विकणारं एखादं छोटं दुकान नक्की दिसेल. दोघंही नोकरी करणारी घरं, एकटे राहणारे आजी-आजोबा, शिकायला आलेली मुलं, सगळ्यांचं रात्रीचं जेवण तिथून जातं. पोळ्या नगावर, भाजी वजनावर. आमटी हवी असेल तर डबा तुमचा.

त्याची एक रीत आहे. संध्याकाळी साडेआठला जाऊन "बारा पोळ्या द्या" म्हणालात तर समोरच्या ताई तुमच्याकडे नुसत्या बघतील. दुपारी फोन करा किंवा सकाळी जाता जाता सांगून ठेवा. पालेभाजी आधी संपते, बटाट्याची शेवटपर्यंत उरते. रविवारी संध्याकाळी बरीच केंद्रं बंद असतात, तेव्हा शनिवारीच विचारून घ्या. संकष्टीला मोदक, संक्रांतीला गुळाची पोळी, होळीला पुरणाची, हे सगळं मिळतं, पण आधी नाव लिहून. आदल्या रात्री आठवण झाली तर उपयोग नाही.

यासाठीच आम्ही पॅकिंगच्या वेळी ‘शेवटचं खोकं’ वेगळं भरायला सांगतो. दोन स्टीलचे डबे, चार ताटल्या, सुरी, चहाचं भांडं, गाळणी, साखर-चहापूड, काडेपेटी. हे खोकं टेम्पोत सगळ्यात शेवटी चढतं, त्यामुळे सगळ्यात आधी उतरतं. ज्यांनी आमचं ऐकलं त्यांनी पहिल्या रात्री ताटात जेवण केलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना वर्तमानपत्रावर भेंडी वाढून घेताना आम्ही पाहिलंय.

वडा

वडापावची वेळ संध्याकाळी पाच ते सात. तेव्हा घाण्यामागून घाणा निघत असतो. दुपारी तीनला मिळतो तो सकाळचा पाहुणा.

स्टेशनसमोर कुंजविहारचा जंबो वडापाव, आणि नौपाड्यात विष्णुनगरला गजानन. या दोघांत चांगला कोण, यावर ठाण्यात घरं फुटत नाहीत एवढंच. आमचं मत असं: प्रचंड भूक असेल आणि गाडी पकडायची असेल तर कुंजविहार. नाव जंबो आहे ते उगाच नाही, सोबत लस्सी घेतलीत तर रात्री जेवायला बसावं लागत नाही. पण चवीसाठी म्हणून मुद्दाम निघायचं असेल तर गजानन, आणि तेही वड्यापेक्षा चटणीसाठी. ती लाल नाही की हिरवी नाही. बेसनाची, पिवळी, ओलसर. वडा त्यात बुडवून खाणारे आहेत आणि वडा संपल्यावर नुसती चटणी चाटणारेही आहेत. आमचे टेम्पोवाले दुसऱ्या गटातले.

घरी न्यायला बांधून घेऊ नका. पाव घाम सुटल्यासारखा होतो आणि चटणी पिशवीला लागून राहते. उभ्याने, तिथेच, गरम खा. गाडी घेऊन जाणार असाल तर रस्त्यावरची सम-विषम तारखेची पार्किंगची पाटी बघा. एवढ्याशा खाण्यासाठी गाडी उचलून नेलेली आम्ही पाहिली आहे.

गोडासाठी आणि चाटसाठी पाचपाखाडीतलं प्रशांत कॉर्नर. नव्या शेजाऱ्यांना द्यायचे पेढे तिथून घेतलेत तर कोणी नाव ठेवणार नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मात्र त्या बाजूला फिरकू नका.

मासे

ठाणं खाडीकाठचं गाव आहे, हे उंच इमारतींमुळे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. स्टेशनला लागून चेंदणी कोळीवाडा आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथवर आली आणि रेल्वेच्या रुळांनी या कोळीवाड्याचे दोन भाग झाले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. तुमच्या लोकलच्या दोन्ही बाजूंना अजून तीच आडनावं राहतात.

खाडीत मात्र आता पूर्वीसारखी मासळी राहिलेली नाही. बोईट, निवट्या, चिंबोऱ्या, थोडी कोळंबी येते. तुमच्या ताटातली सुरमई आणि पापलेट बाहेरच्या बंदरांवरून आलेली असते. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘ठाण्याच्या खाडीची ताजी सुरमई’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

या भागात मालवणी खानावळी बऱ्याच आहेत. एकच नाव द्यायचं आम्ही टाळतोय, कारण आमच्यातच त्यावर भांडण आहे. त्याऐवजी एक युक्ती सांगतो. आत जाऊन मेनू मागू नका. "आज काय आलंय?" असं विचारा. समोरचा माणूस मागे वळून स्वयंपाकघरात विचारून आला, किंवा "आज बांगडा घ्या, सुरमई नको" असं म्हणाला, तर बसा. "सगळं आहे साहेब" म्हणाला तर उठा. ज्या खानावळीत सगळं असतं तिथे बरंचसं बर्फात असतं.

दिवसही बघावे लागतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खाणाऱ्यांचे दिवस, त्या दिवशी माल जास्त येतो आणि जास्त खपतो. गुरुवारी टेबल लगेच मिळेल, पण मासा कालचा असू शकतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताजी सुरमई शोधण्यापेक्षा सुकट, सुके बोंबील, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी मागवा. पावसात ती जास्त गोड लागते, हे आम्ही भिजलेल्या अंगाने सांगतोय. चिंबोऱ्यांसाठी कोळणी अमावास्या बघायला सांगतात, पौर्णिमेच्या आसपासची चिंबोरी म्हणे पोकळ निघते.

आणि श्रावण. बंदी उठलेली असते, होड्या बाहेर पडलेल्या असतात आणि अर्धं गाव शाकाहारी झालेलं असतं. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर वर्षातले हेच दिवस असे, की दुकानदार तुमच्याशी नीट बोलतो.

घरचं स्वयंपाकघर लागलं की बाजारातून आणालच. तेव्हा माशाचे कल्ले उचलून लाल आहेत का बघा, डोळा फुगीर आहे का बघा, बोटाने दाबलेला खड्डा भरून येतो का बघा. कोळीणबाई रागावतील. रागावू द्या, ती पद्धतच आहे. साफ करून घेताना डोकं टाकून देऊ नका, ते मागून घ्या, आमटीला लागतं.

तलावपाळी

खरं नाव मासुंदा तलाव, पण कोणी म्हणत नाही. एका बाजूला कोपिनेश्वराचं देऊळ, एका बाजूला गडकरी रंगायतन, जवळच जांभळी नाक्याचा बाजार. संध्याकाळी भेळ, पाणीपुरी, कुल्फी, मक्याची कणसं आणि बोटीसाठी हट्ट करणारी मुलं. खाण्यात अपूर्व असं काही नाही, खरं सांगायचं तर. तरी पहिल्या आठवड्यात एकदा जाच. दिवसभर खोकी फोडून पाठ धरलेल्या माणसाला पाण्याकाठी कट्ट्यावर बसून भेळ खाण्यासारखं दुसरं काही नसतं. फळं-भाजी परतताना जांभळी नाक्यावर घ्या, सोसायटीच्या दारापेक्षा स्वस्त पडते.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे हा सगळा भाग, राम मारुती रोडसकट, नटलेल्या तरुण मुलामुलींनी भरून जातो. एका वर्षी आम्ही नेमकं त्याच सकाळी एकांचं घर हलवायला घेतलं. चूक आमचीच, तारीख बघितली पण तिथी बघितली नाही. टेम्पो अडीच तास जागचा हलला नाही. वर बांधलेल्या सोफ्यावर बसून दोन अनोळखी पोरांनी फोटो काढून घेतले. मालकीणबाई शांतपणे खाली उतरल्या, गर्दीत शिरल्या आणि सगळ्यांसाठी चकल्या घेऊन आल्या. त्या दिवशी आता आम्ही काम घेत नाही.

पिण्याचं

आधी पाणी. घर काही महिने बंद असेल तर फिल्टरमधलं पहिलं पाणी ओतून टाका, जमलं तर कॅन्डल बदला, आणि तोवर उकळलेलं किंवा बाटलीचं प्या. नव्या घरात आल्या आल्या पोट बिघडलं की दोष बिचाऱ्या पाणीपुरीवर जातो.

उन्हाळ्यात रसवंतीवर ऊस, आलं-लिंबू घालून, बर्फ वेगळा मागून. खानावळीत सोलकढी मागवली तर रंग बघा: फिकट गुलाबी असेल तर आमसूल भिजवलंय, भडक असेल तर दुसरं काही ऑर्डर करा. चहा कुठेही चांगला मिळतो.

परमिट रूमबद्दलही लोक विचारतात, थोडं आवाज खाली करून. स्टेशनपासून पाचपाखाडीपर्यंत पुष्कळ आहेत. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर ‘फॅमिली रूम’ वर आहे का ते आधी विचारा. कायद्याने बिअरला वय २१ लागतं, कडक दारूला २५. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या दिवसांत दारू मिळत नाही, तेव्हा गृहप्रवेशाची पार्टी त्या तारखांना ठेवू नका.

उपवन, येऊर, घोडबंदर रोड इकडे मोठी, दिव्यांची हॉटेलं आहेत. ती या पत्रकात नाहीत. घोडबंदरला संध्याकाळी जेवायला निघालात तर तुम्ही जेवणार घोडबंदरलाच, पण भूक लागलेली असेल वाटेत, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये.

खोक्यांबद्दल

रिकामी खोकी फाडू नका, भंगारात देऊ नका. सपाट करून दाराशी ठेवा आणि आठ दिवसांत पावतीवरच्या नंबरवर फोन करा. मुलं येऊन घेऊन जातील आणि चांगल्या स्थितीतल्या खोक्यांचे पैसे परत मिळतील. मुलं सहसा दुपारी चारनंतर येतात. चहा विचारलात तर हो म्हणतील. वडा विचारलात तर कुठला, ते मात्र ती ठरवतील.