पार्श्वभूमी: सनद एकीकडची, शाखा दुसरीकडची

बेळगावात मराठीभाषक वकिलांच्या संघटनेची शाखा उभी राहिली, तेव्हा सर्वांत जास्त वेळ गेला तो सभासद कोणाला करायचे यावर.

सीमावादाचा इतिहास इथल्या वाचकाला पाठ आहे. वकिलीच्या बाजूने पाहिले तर 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले आणि अपिलाची वाट मुंबईकडून बेंगळुरूकडे वळली, कायदे मात्र लगेच बदलले नाहीत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 मुळे मुंबई राज्याचे अनेक कायदे इथे चालू राहिले. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा तर देवस्थानांच्या दाव्यांत कित्येक दशके निघत असे. कायदा मुंबईचा, न्यायालय म्हैसूरचे आणि पुराव्याचे जुने कागद मोडीत किंवा मराठीत, अशा फायली हाताळत इथली एक पिढी वकिलीत मुरली.

शाखेची गरज खरी भासली ती धारवाडनंतर. जुलै 2008 मध्ये तिथे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि ऑगस्ट 2013 मध्ये ते कायम झाले. तोवर अपील म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूच्या वकिलाकडे फाइल सोपवणे. आता खानापूर-निपाणीचा वकील सकाळी निघून स्वतः उभा राहू शकतो. पण जुन्या फेरफाराचे, वाटणीपत्राचे भाषांतर तोच करून नेतो, आणि एक शब्द चुकला तर पक्षकाराची जमीन अडकते. हे काम वाटून घ्यावे, नवख्यांना मोडी शिकवावी, ही मूळ कल्पना.

मातृसंस्था महाराष्ट्रातली असल्याने पेच पडला. नोंदणी 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली करायचे ठरले आणि कागदावर ‘शाखा’ऐवजी ‘संलग्न’ हा शब्द आला. त्यावर बरीच नाराजी झाली. माझ्या मते त्यात फारसे काही गमावले नाही. बोलताना सगळे शाखाच म्हणतात.

सभासदत्वाची अट मात्र चुकली. ‘कर्नाटकची सनद असलेलाच सभासद’ असे कलम घातले गेले. सनद म्हणजे वकिलीचा परवाना; 1961 च्या अधिवक्ता कायद्यानुसार एका वेळी एकाच राज्याच्या पटावर, म्हणजे वकिलांच्या नोंदवहीत, नाव राहते. कोल्हापूरला एलएलबी करून तिथलीच सनद घेतलेली आणि आता बेळगावच्या कोर्टात उभी राहणारी मुले त्यामुळे बाहेर राहिली. कलमाच्या बाजूने वकिलांच्या कल्याण निधीचा मुद्दा मांडला गेला: महाराष्ट्राचा कायदा 1981 चा, कर्नाटकचा 1983 चा, दोन्ही निधी वेगळे. पण हा निधी संघटना वाटत नाही. अधिवक्ता कायद्याच्या कलम 18 खाली नाव फी न भरता दुसऱ्या पटावर नेता येते, हेही सांगितले गेले. पण अर्ज करून ते होईपर्यंत त्या मुलाने कुठे बसायचे?

शिवाय अधिवक्ता कायद्याचे कलम 30 हे 15 जून 2011 पासून अमलात आहे. कोणत्याही पटावरच्या वकिलाला देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करण्याचा हक्क त्याने दिला. न्यायालय ज्याला उभे राहू देते त्याला मराठी वकिलांची संघटना दारात अडवते, हे मला पटत नाही. मोडीचे जुने कागद वाचायला शिकण्याची सर्वांत जास्त गरज याच मुलांना आहे.

‘सनद कोणत्याही राज्याची, वकिली या जिल्ह्यात’ एवढाच बदल कलमात सुचवलेला आहे. तो सर्वसाधारण सभेपुढे यायचा आहे.